वारसा कोणत्या द्रव्यात?

आजोबांची चाल नातवात उतरली असे आपण घरोघर म्हणतो. शेतकरी बियाण्यासाठी जोंधळ्याची निवडक कणसे बाजूला काढतो, म्हैस घेणारा तिच्या आईच्या दुधाची चौकशी करतो, आणि लग्न जुळविणारी मंडळी तर दोन्ही घराण्यांच्या सात पिढ्या उकरून काढतात. ‘खाण तशी माती’ ही म्हण कोणी प्रयोगशाळेत बसून तयार केलेली नाही. वारसा असतो, याबद्दल माणसाला कधीच शंका नव्हती. शंका होती ती निराळी. हा वारसा जातो कशातून? आईबापांकडून मुलाकडे प्रत्यक्ष जो ऐवज जातो तो किती, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे एक बीजांड आणि त्याच्यापुढे अगदीच नगण्य असा एक शुक्रजंतू. एवढ्याशा ऐवजात नाकाचा बाक, केसांचा कुरळेपणा, रक्ताचा गट आणि एखाद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रोग, ही सारी इस्टेट मावते कशी? आणि मावते तर ती कोणत्या पदार्थात?

उत्तर आज बहुतेकांच्या कानावरून गेलेले आहे. डी.एन.ए. ही तीन अक्षरे वर्तमानपत्रांत येतात, न्यायालयांतील निकालपत्रांत येतात, आणि आता तर राजकीय भाषणांतही येऊ लागली आहेत. तेव्हा नुसते उत्तर सांगण्यात मौज नाही. आम्हांला मौज वाटते ती या उत्तराच्या इतिहासाची. हे द्रव्य माणसाच्या हाती लागले १८६९ साली. वारसा त्याच्यातच आहे असा सबळ पुरावा पुढे आला १९४४ साली. आणि तो पुढे आल्यावरही पुष्कळ नामांकित पंडितांनी आणखी काही वर्षे मान डोलावली नाही. पाऊणशे वर्षे एक वस्तू फडताळातील बाटलीत डोळ्यांसमोर आहे आणि तिची योग्यता कोणाला कळत नाही, असे का व्हावे? आजच्या व्याख्यानात मुख्यतः या ‘का’चा शोध घ्यावयाचा आहे.

प्रथम १८६८-६९ च्या हिवाळ्यातील ट्यूबिंगेन या जर्मन गावी जाऊ. तेथील टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात फेलिक्स होप्पे-झायलर या रसायनशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा होती, आणि किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यात फ्रीडरिश मीशर नावाचा एक स्विस तरुण काम करीत होता. मीशर शिकून डॉक्टर झालेला. परंतु लहानपणीच्या आजाराने त्याला कमी ऐकू येई, आणि रोग्याच्या छातीला कान लावून निदान करण्याच्या त्या काळात हा मोठाच अडथळा होता. म्हणून तो रसायनाकडे वळला. पेशी कशाची बनलेली असते हे त्याला पाहावयाचे होते, आणि त्यासाठी सुट्या सुट्या पेशी हव्या होत्या. त्या त्याने मिळविल्या कोठून? जवळच्या शस्त्रक्रिया-रुग्णालयातून! जखमांवर बांधलेल्या, पुवाने भिजलेल्या पट्ट्या तो मागून आणी. जंतुनाशकांचा वापर अजून सर्वत्र रुळावयाचा होता, त्यामुळे पुवाला तोटा नव्हता. पू म्हणजे बहुतांशी रक्तातील पांढऱ्या पेशीच. पट्ट्या क्षारांच्या पाण्यात धुवावयाच्या, पेशी खाली बसू द्यावयाच्या, आणि मग डुकराच्या जठरातून काढलेल्या पाचकरसाने त्यांतील प्रथिने पचवून टाकावयाची, असा त्याचा क्रम होता. सर्व पचून गेले तरी पेशीच्या मध्यभागातील केंद्रके शिल्लक राहिली. त्यांतून त्याला एक पांढरट पदार्थ मिळाला. तो आम्लात खाली बसे आणि अल्कात विरघळे. त्याचे पृथक्करण केले तेव्हा त्यात गंधक नव्हते. उलट प्रथिनात सहसा न सापडणारे फॉस्फरस मात्र भरपूर होते. मीशरने त्याचे नाव ठेवले ‘न्यूक्लीन’, म्हणजे केंद्रकातील द्रव्य.

होप्पे-झायलर हा सावध गुरू. चोविशी-पंचविशीतल्या पोराने असले नवे द्रव्य सापडल्याचे सांगावे, हे त्याला एकाएकी पटेना. त्याने सर्व प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले, आणि निबंध छापला तो १८७१ साली. मीशर पुढे आपल्या बाझल गावी प्राध्यापक झाला. तेथे पुवापेक्षा पुष्कळच चांगला कच्चा माल त्याला मिळाला. र्‍हाइन नदीतून वर चढून येणाऱ्या सामन माशांच्या वीर्यात शुक्रजंतू दाटीने असतात आणि शुक्रजंतूचे डोके म्हणजे जवळजवळ निव्वळ केंद्रक. द्रव्य नासू नये म्हणून हिवाळ्यात, थंडगार खोलीत, पहाटेपासून तो काम करी. पुढे क्षय झाला आणि १८९५ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, तो दावोस येथे वारला.

आता यातला चटका लावणारा भाग असा. शुक्रजंतूत न्यूक्लीन गच्च भरलेले आहे हे ज्याने सर्वांआधी पाहिले, त्यालाच ते वारशाचे द्रव्य असावे असे ठामपणे वाटले नाही. १८९२ साली आपल्या मामाला लिहिलेल्या पत्रात मीशरने एक फार सुंदर कल्पना मांडली. चोवीस-तीस अक्षरांतून जगातल्या सर्व भाषांचे सर्व शब्द तयार होतात, तशीच मोठ्या रेणूंतील लहान लहान फरकांतून वारशाची सगळी विविधता व्यक्त होत असेल, असे तो लिहितो. कल्पना अचूक होती. परंतु तो बोलत होता प्रथिनांबद्दल! अक्षरे त्याच्या बाटलीत होती आणि तो ती शेजारच्या बाटलीत शोधीत होता.

त्याच सुमारास दुसरी एक मंडळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. कापड रंगविण्यासाठी कृत्रिम रंगांचे कारखाने जर्मनीत निघाले आणि त्या रंगांचा उपयोग पेशी रंगविण्याकडेही होऊ लागला. कील येथील वाल्टर फ्लेमिंगने सॅलमॅन्डर नावाच्या प्राण्याच्या पिलांच्या पेशी घेतल्या. या पेशी चांगल्या मोठ्या असतात. केंद्रकातील काही भाग रंग अधाशासारखा शोषून घेतो, आणि पेशीचे दोन भाग होण्याच्या वेळी त्याचे दोरे बनतात, ते दोरे उभे चिरले जातात आणि त्यांची एकेक अर्धी वाटणी दोन्ही नव्या पेशींत जाते, हा सोहळा त्याने १८७९ ते १८८२ या वर्षांत तपशीलवार वर्णिला. १८८८ साली वाल्डेयरने या दोऱ्यांना ‘क्रोमोसोम’ म्हणजे रंगणारे अंग असे नाव दिले. मराठीत आपण ‘रंगसूत्र’ म्हणत होतो. पुढे ‘गुणसूत्र’ म्हणू लागलो. पहिला शब्द डोळ्याला दिसते ते सांगतो, दुसरा त्याचे काम सांगतो. आम्हांला दोन्ही आवडतात, पण दुसरा शब्द अधिक शहाणा आहे.

हे दोरे वाटण्याच्या बाबतीत पेशी इतकी काटेकोर का? भावाभावांच्या वाटणीत घरातले जुने पातेले कोणी कसेही घेवो, पण जमिनीच्या उताऱ्यावर दोघांचीही नजर असते. पेशी आपल्या इतर ऐवजाची वाटणी सैल हाताने करते आणि गुणसूत्रांची मात्र रतीभर चूक न होऊ देता करते. यावरून हा उताराच असला पाहिजे, असा तर्क काहींनी तेव्हाच केला. अमेरिकेतील एडमंड विल्सन याने १८९५ साली स्पष्ट लिहिले की गुणसूत्रांचे द्रव्य म्हणजे मीशरचे न्यूक्लीनच दिसते, आणि वारसा एखाद्या रासायनिक पदार्थाच्या रूपाने जात असण्याचा संभव आहे. म्हणजे अंधारात सगळेच होते असे नव्हे. परंतु पेशीच्या आयुष्यात काही काळ गुणसूत्रे रंग नीट धरीत नाहीत; तेव्हा न्यूक्लीन नाहीसे होते, टिकते ते प्रथिन, असा समज पसरला आणि विल्सननेही पुढे आपला शब्द मागे घेतला. दारापाशी येऊन माणसे परत गेली.

मेंडेलची हकीकत आपण अनेकदा ऐकली आहे. ब्रुन येथील मठात त्याने वाटाण्यावर केलेले प्रयोग, १८६५ सालची ती दोन व्याख्याने, ऐकणाऱ्यांची शांतता, आणि १९०० साली झालेला पुनर्जन्म. तिच्यात आज शिरत नाही. १९०२-०३ मध्ये वॉल्टर सटन या कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्याने टोळाच्या पेशी पाहून, आणि थिओडोर बोव्हेरीने समुद्री साळिंदरांच्या अंड्यांवरून असे दाखविले की मेंडेलचे घटक जसे जोडीने असतात आणि बीजपेशींत जाताना जोडीतला एकेकच जातो, नेमके तसेच गुणसूत्रांचे वर्तन आहे. पुढे मॉर्गन आणि त्याच्या शिष्यांनी १९१० पासून फळमाश्या पाळून, घटक म्हणजे जनुके गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखी ओळीने असतात हे सिद्ध केले. स्टर्टव्हंटने १९१३ साली त्यांचा पहिला नकाशाही प्रसिद्ध केला.

मात्र एका बाईंचे नाव येथे घेतल्यावाचून पुढे जाणे बरे दिसणार नाही. नेटी स्टीव्हन्स. पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी तपासताना १९०५ साली त्यांना आढळले की मादीत वीस मोठी गुणसूत्रे असतात, आणि नरात एकोणीस मोठी व एक अगदी लहान. म्हणून नराचे निम्मे शुक्रजंतू मोठे घेऊन जातात, निम्मे लहान. पिलू नर की मादी हे त्यावरून ठरते. त्याच वर्षी विल्सननेही स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला होता. माणसातही हाच न्याय आहे: स्त्रीकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येते, पुरुषाकडून एक्स येईल किंवा वाय येईल. मुलीच झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या आणि वंशाच्या दिव्यासाठी मुलाचे दुसरे लग्न लावून देणाऱ्या घरांची आपल्याकडे कमतरता नव्हती. पिठातल्या किड्याने दिलेली ही साक्ष त्या घरांपर्यंत पोहोचावयास किती वर्षे लागली, आणि सर्वत्र ती पोहोचली आहे की नाही, हे श्रोत्यांनीच आपल्या मनाशी पाहावे.

तर गुणसूत्रांत वारसा आहे हे ठरले. परंतु गुणसूत्रांत दोन द्रव्ये असतात, प्रथिन आणि न्यूक्लीन; १८८९ साली आल्टमानने या दुसऱ्याला न्यूक्लीइक आम्ल हे नाव दिले होते. वारसा कोणत्यात? एकूण एक पंडितांचे बोट प्रथिनाकडे वळले. आणि आम्ही म्हणतो, ते वळणे अगदी साहजिक होते. प्रथिने वीस प्रकारच्या घटकांची, त्यांच्या तऱ्हा असंख्य; शरीरातला प्रत्येक पाचकरस, रक्ताचा लाल रंग, स्नायूंचे आकुंचन, सारे त्यांचेच. न्यूक्लीइक आम्लात घटक अवघे चार. त्यात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील फोबस लेव्हीन या अत्यंत कुशल रसायनशास्त्रज्ञाने असे मत दिले की हे चार घटक सम प्रमाणात असतात आणि चारांचा एक तुकडा तेवढा पुन्हा पुन्हा येतो. लेव्हीनचे उपकार थोडे नाहीत. यातील साखर कोणती हे त्यानेच शोधले, आणि त्या साखरेवरूनच ‘डीऑक्सिरायबो’ हे लांबलचक नाव आले. परंतु त्याच्या चौकडीच्या मताने या द्रव्याची अब्रू गेली. ज्या पोथीत ‘अबकड अबकड’ याखेरीज काहीच लिहिलेले नाही, ती वाचावयाची कशाला? गुणसूत्राला ताठ ठेवणारी ही एक काठी असावी, एवढ्यावर तिची बोळवण झाली.

काठीत जीव आहे हे दाखविले ते न्यूमोनियाच्या जंतूंनी. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ हा सरकारी आरोग्यखात्यातील शांत स्वभावाचा संशोधक या जंतूंच्या जाती तपाशीत होता. एका जातीवर गुळगुळीत वेष्टन असते आणि ती उंदराला मारते. दुसरी खरबरीत, तिच्यावर वेष्टन नसते आणि ती निरुपद्रवी असते. १९२८ साली त्याने प्रसिद्ध केले की उष्णतेने मारलेले गुळगुळीत जंतू आणि जिवंत खरबरीत जंतू एकत्र करून टोचले तर उंदीर मरतो, आणि त्याच्या रक्तात जिवंत गुळगुळीत जंतू सापडतात. इतकेच नव्हे, त्यांची प्रजाही गुळगुळीतच निपजते. मेलेल्यांनी जिवंतांना काहीतरी दिले होते आणि ते दान वंशपरंपरेने पुढे चालले होते. काय दिले ते कळण्यापूर्वीच, १९४१ च्या लंडनवरील बाँबहल्ल्यात ग्रिफिथ मारला गेला.

ते दान काय, हे हुडकण्याच्या मागे ओस्वाल्ड एव्हरी लागला. हा लेव्हीनच्याच संस्थेतील रुग्णालयात काम करणारा, अविवाहित, मितभाषी, किरकोळ अंगाचा डॉक्टर. कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी हे दोन तरुण सहकारी घेऊन त्याने मेलेल्या जंतूंचा अर्क काढला आणि त्यातून एकेक पदार्थ काढून टाकीत गेला. वेष्टनाची साखर काढली, परिणाम कायम. प्रथिन पचविणारे रस घातले, परिणाम कायम. आर.एन.ए. हे दुसरे न्यूक्लीइक आम्ल पचविले, तरीही कायम. पण डी.एन.ए.चा नाश करणारा रस घालताच परिणाम बंद! शुद्ध केलेला पदार्थ साठ कोटी भागांत एक भाग इतका विरळ केला तरी काम करीत होता. १९४४ च्या फेब्रुवारीत निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा एव्हरी सहासष्ट वर्षांचा होता. विज्ञानात मोठे शोध तिशीच्या आत लागतात असे जे म्हणतात, त्यांनी हे वय लक्षात ठेवावे.

आणि स्वागत कसे झाले? निबंधाची भाषा इतकी सावध होती की वाचणाऱ्याला वाटावे, लेखकालाच खात्री नाही. त्याच संस्थेतील आल्फ्रेड मर्स्की याने हरकत घेतली की तुमच्या शुद्ध म्हणविणाऱ्या पदार्थात एखादा टक्का प्रथिन राहिले असेल आणि तेच काम करीत असेल. ही हरकत खोडसाळ नव्हती, एक टक्का प्रथिन म्हणजेसुद्धा असंख्य रेणू. परंतु आमच्या मते तिच्यामागे जोर पुराव्याचा नव्हता, सवयीचा होता. एव्हरीला नोबेल पारितोषिक मिळाले नाही. १९५५ साली तो वारला. पारितोषिकाच्या इतिहासातली ही एक मोठी चूक होय, असे आता बहुतेक जण मान्य करतात.

एव्हरीचा निबंध ज्यांनी मनावर घेतला त्यांत कोलंबिया विद्यापीठातील एर्विन शारगाफ हा एक. त्याने आपल्या प्रयोगशाळेचा रोखच बदलला. डी.एन.ए.तील चार घटकांना अॅडेनीन, थायमीन, ग्वानीन, सायटोसीन अशी नावे आहेत. आपण त्यांना ए, टी, जी, सी म्हणू. शारगाफने निरनिराळ्या प्राण्यांचे डी.एन.ए. घेऊन हे घटक अचूक मोजले. लेव्हीनची सम वाटणी खोटी ठरली, कारण जाती-जातीत प्रमाण बदलते. मात्र एक गोष्ट सर्वत्र सारखी: जितके ए तितकेच टी, आणि जितके जी तितकेच सी. १९५० साली त्याने हे छापले, पण या समतेचा अर्थ त्याला लागला नाही. १९५२ साली हर्शी आणि त्यांच्या सहायिका मार्था चेस यांनी जंतूंना खाणाऱ्या विषाणूवर प्रयोग केला. विषाणूचे प्रथिन आणि डी.एन.ए. यांना वेगवेगळ्या किरणोत्सर्गी खुणा केल्या, विषाणू जंतूंना चिकटू दिले, आणि मग स्वयंपाकघरात फळे घुसळण्यासाठी वापरतात तसल्या यंत्रात सारे फिरविले. प्रथिनाची टरफले बाहेर गळून पडली, डी.एन.ए. बव्हंशी आत गेलेले आढळले, आणि नवी प्रजा त्यातूनच झाली. एव्हरीच्या मानाने हा प्रयोग पुष्कळच ढोबळ होता. पण लोकांना पटला तो हाच. काळ पिकला होता, दुसरे काय!

आता रचनेकडे येऊ. लंडनच्या किंग्ज कॉलेजात १९५१ च्या जानेवारीत रोझालिंड फ्रँकलिन रुजू झाल्या. क्ष-किरणांनी पदार्थाची अंतर्गत मांडणी ओळखण्यात त्या पटाईत होत्या. कोरड्या व ओल्या हवेत डी.एन.ए. दोन निरनिराळी रूपे घेते हे त्यांनी दाखविले, फॉस्फेटे बाहेरच्या अंगाला असली पाहिजेत हे सांगितले, आणि १९५२ च्या मे महिन्यात त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली ओल्या रूपाचे एक छायाचित्र घेतले. तेच पुढे एक्कावन्न क्रमांकाचे छायाचित्र म्हणून गाजले. त्यात काळ्या ठिपक्यांची फुली दिसते. जाणकाराला ती फुली म्हणजे मळसूत्राची सही. ३० जानेवारी १९५३ रोजी सहकारी मॉरिस विल्किन्स यांनी हे छायाचित्र केंब्रिजहून आलेल्या जेम्स वॉटसन यांना दाखविले, फ्रँकलिनना न विचारता. त्यांच्या मोजमापांचा एक अहवालही मॅक्स पेरुट्झ यांच्यामार्फत केंब्रिजला वॉटसन व क्रिक यांच्या हाती पडला. त्यातील एका आकड्यावरून क्रिकने ताडले की दोन पदर परस्परविरुद्ध दिशांनी चालत असले पाहिजेत.

तरीही जोड बसेना. वॉटसन पुठ्ठ्याचे आकार कापून जुळवीत होते, पण ते आकार पाठ्यपुस्तकांतून घेतलेले होते. त्यांच्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डोनोह्यू या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने सांगितले की पुस्तकांतली ही रूपे चुकीची आहेत, हायड्रोजनचा अणू भलत्या जागी दाखविला आहे. तो हलविताच ए आणि टी एकमेकांशी जुळले, जी आणि सी जुळले, आणि दोन्ही जोड्यांची लांबी तंतोतंत सारखी निघाली. शारगाफच्या समतेचा अर्थ एका क्षणात लागला. प्रत्येक जोडीत एक मोठा आणि एक लहान घटक, म्हणून पिळाची रुंदी सर्वत्र एकच. २८ फेब्रुवारी १९५३ ला हे कोडे सुटले आणि २५ एप्रिलच्या ‘नेचर’ या साप्ताहिकात केंब्रिजचा एक आणि किंग्ज कॉलेजचे दोन असे तीन निबंध एकापाठोपाठ प्रसिद्ध झाले. फ्रँकलिनचा निबंध तिसरा होता, आणि वाचणाऱ्यास वाटावे की तो पहिल्याला दुजोरा देण्यापुरता आहे. त्या १६ एप्रिल १९५८ रोजी, सदतिसाव्या वर्षी, कर्करोगाने वारल्या. १९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. हयात नसलेल्याला ते देत नाहीत, हे खरे. परंतु हयात असताना त्यांना कोणी सांगितले होते का, की तुमचे छायाचित्र आम्ही पाहिले? सिद्धान्ताचे श्रेय वॉटसन-क्रिकचे आहे, ते कोणी हिरावून घेऊ नये. पण दुसऱ्याच्या शेतातून पाणी आणले असेल तर पाटाचा उल्लेख पिकाबरोबर करावा, एवढी रीत आपल्या खेड्यातही पाळतात.

या रचनेत सौंदर्य आहे ते असे की तिच्याकडे नुसते पाहिले तरी तिचे काम कळते. दोन पदर उलगडले की प्रत्येक पदर आपला जोडीदार ठरवून देतो: जेथे ए तेथे टी, जेथे जी तेथे सी. एकाचे दोन होतात आणि दोन्ही मूळसारखेच. १९५८ साली मेसेल्सन आणि स्टाल यांनी जंतूंना आधी जड नायट्रोजन खाऊ घालून मग हलका देऊन दाखविले की एका पिढीनंतर प्रत्येक रेणूत खरोखरच एक पदर जुना व एक नवा असतो. फ्लेमिंगने जो दोऱ्यांचा उभा छेद पाहिला होता, त्याच्या मुळाशी हे होते. भाषेचा उलगडा पुढच्या आठ वर्षांत झाला. तीन अक्षरांचा एक शब्द, चार अक्षरांतून चौसष्ट शब्द. त्यांतले एकसष्ट प्रथिनांच्या वीस घटकांसाठी, तीन पूर्णविरामासाठी. १९६१ साली नीरेनबर्ग व मथाय यांनी पहिला शब्द वाचला, आणि उरलेले वाचण्यात हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. शंभर वस्तीच्या पंजाबी खेड्यात, जवळजवळ एकट्याच साक्षर असलेल्या कुटुंबात जन्मलेला हा मुलगा १९६८ च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. आपल्या मुंबईतही याच काळात, १९६२ साली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला.

गुणसूत्र म्हणजे केवळ डी.एन.ए. नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. माणसाच्या एका पेशीतले डी.एन.ए. सरळ केले तर सुमारे दोन मीटर भरते, आणि ते ज्या केंद्रकात राहते त्याचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सहापट. हा सूत गुंता न होता राहतो कसा? तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. ही हिस्टोन नावाची प्रथिने कोसेलने १८८४ सालीच वेगळी केली होती, पण त्यांची रिळे बनतात हे कळले १९७४ च्या सुमारास. दर रिळावर १४७ अक्षरजोड्यांचे दीड-पावणेदोन वेढे. कोठे रीळ घट्ट असते, कोठे सैल. सैल असेल तेथलेच वाचता येते. यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशींत पोथी एकच, पण उघडलेली पाने वेगळी. म्हणजे ज्या प्रथिनाला पंडितांनी राजा मानले होते ते राजा नव्हे, पण त्याला पोथी बांधणारा निव्वळ दोरा म्हणणेही बरोबर नाही.

सवयीचा अंमल किती असतो याचा एक नमुना येथेच सांगतो. माणसाची गुणसूत्रे किती? टेक्सासच्या थिओफिलस पेंटर याने १९२३ साली अठ्ठेचाळीस ठरविली. त्या काळच्या पद्धतीत गुणसूत्रे एकमेकांवर गचडीने पडत. आकडा काढणे अवघडच होते. पण एकदा पुस्तकात छापला गेल्यावर तीस वर्षे प्रत्येकाला अठ्ठेचाळीसच दिसत राहिली. १९५२ साली टी. सी. सू यांना पातळ क्षारद्रावणात पेशी फुगवून गुणसूत्रे सुटी पसरविण्याची युक्ती सापडली. चित्रे स्वच्छ आली, आणि तरीही त्यांनी अठ्ठेचाळीसच सांगितली! अखेर डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे, जावा बेटात जन्मलेल्या आणि महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेल्या जो-हिन चियो यांनी मोजली आणि ती सेहेचाळीस भरली. लेव्हान यांच्यासह त्यांनी ते १९५६ साली जाहीर केले. मग तीनच वर्षांनी पॅरिसमध्ये कळले की डाउनच्या विकारात एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. पेशी वाढविण्याचे सर्व तंत्र तेथे मार्त गोतिए या डॉक्टर बाईंनी बसविले होते. निबंधात त्यांचे नाव दुसरे आले. या शोधाचा सामाजिक अर्थ मोठा आहे. अशा मुलाच्या जन्माला आईचे पाप, ग्रहण किंवा नजर कारण नसते; बीजपेशी तयार होताना जोडी वेगळी झाली नाही, एवढेच झालेले असते.

शेवटी आपल्याच मुंबईचे एक उदाहरण, कारण त्यात या साऱ्या गोष्टी एका ठिकाणी पाहावयास मिळतात. १९५२ साली, म्हणजे फ्रँकलिनच्या छायाचित्राच्याच वर्षी, डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मुंबईत आढळलेल्या एका नव्या रक्तगुणाची माहिती दिली. या व्यक्तींचे रक्त नेहमीच्या तपासात ‘ओ’ गटाचे वाटे, पण त्यांना ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नसे. जगात तो ‘बाँबे गट’ या नावानेच ओळखला जातो. कारण पुढे रेणूंच्या पातळीवर उमगले. आपल्या रक्तपेशींवर ‘एच’ नावाचा एक साखरेचा पाया असतो आणि त्याच्यावर ‘ए’ किंवा ‘बी’ची खूण चढते, ‘ओ’ गटात नुसता पाया असतो. हा पाया बसविणाऱ्या प्रथिनाचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. भारतातील बाँबे गटाच्या व्यक्तींत त्या जनुकात ७२५ व्या जागी टी ऐवजी जी आढळतो. एका अक्षराने प्रथिनातील एक घटक बदलतो, ल्युसीनच्या जागी आर्जिनीन येते आणि प्रथिन निकामी होते. आईकडून व बापाकडून अशी दोन्ही जनुके निकामी आली तर पायाच बसत नाही. मग त्या माणसाच्या पेशींत ‘ए’चे जनुक धडधाकट असले तरी ‘ए’ची खूण दिसत नाही, मात्र त्याच्या मुलात ती पुन्हा उजळ होऊन येते. दिसत नाही म्हणून नाही असे नव्हे, हे मेंडेलचे वाटाणे सांगत होते तेच.

असा माणूस अपघातात सापडला तर त्याला बाँबे गटाचेच रक्त लागते; ‘ओ’ गटाची पिशवी लावली तर त्याच्या रक्तातील प्रतिद्रव्ये त्या परक्या पेशी फोडून टाकतात आणि जीव धोक्यात येतो. नेहमीच्या तपासाला अँटी-एच या द्रवाच्या एका थेंबाची जोड दिली की हा गट ओळखता येतो. अशा माणसाला दाता शोधावयाचा झाल्यास प्रथम त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त तपासतात, कारण त्याच आईबापांकडून ती दोन अक्षरे त्यांच्याकडेही आलेली असण्याचा संभव चारांत एक असतो.